जर्मनीत सुट्टी नेमकी कुठली: लातूरहून मानहाइमला निघालेल्या नर्सच्या प्रश्नाचं उत्तर

प्रश्न लातूर जिल्ह्यातल्या एका मुलीचा आहे. जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका झाली, जर्मन भाषेची बी-टू परीक्षा पास झाली आणि आता मानहाइमच्या एका दवाखान्यात रुजू होणार आहे. तिने विचारलंय: ‘ताई, करारपत्रात सणासुदीच्या सुट्ट्या राज्याच्या कायद्याप्रमाणे मिळतील असं लिहिलंय. नेटवर जर्मनीच्या सुट्ट्या बघितल्या तर एका ठिकाणी नऊ, दुसऱ्या ठिकाणी बारा, तिसऱ्या ठिकाणी तेरा. खरं कुठलं धरू? आणि आपल्या दिवाळीला, येळवशीला सुट्टी मिळते का?’

तिन्ही आकडे खरे आहेत. घोळ आकड्यांचा नाही. ‘जर्मनीच्या सुट्ट्या’ अशी एकच यादी असेल असं आपण धरून चालतो, तिथे गडबड होते. मी मूळची उदगीरची. मानहाइम ज्यात येतं त्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात अकरा वर्षं वॉर्डात काम केलं, त्यातली शेवटची चार वर्षं ‘डीन्स्टप्लान’, म्हणजे ड्युटीचा तक्ता लावायचं काम माझ्याकडे होतं. आता लातूरला राहून तिकडे जाणाऱ्या लेकरांची तयारी करून घेते. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने याच राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून मराठवाड्यातून विचारणा खूप वाढली आहे. म्हणून उत्तर जरा लांबवर देते.

हे समजायला आपल्याइतकं सोयीचं घर दुसरं नाही. येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या दिवशी लातूर शहर कसं असतं ते तू बघितलंयस. मार्गशीर्ष अमावस्येला गंजगोलाईत चिटपाखरू नसतं, दुकानांना कुलपं, सगळं गाव शेतात कोपीपुढे भज्जी, आंबील अन् उंडे खात बसलेलं. जिल्हाधिकारी त्या दिवशी स्थानिक सुट्टी देतात. त्याच दिवशी छत्रपती संभाजीनगरला कचेऱ्या, बँका, वाळूजचे कारखाने सगळं रोजच्यासारखं चालू असतं. तिथल्या माणसाला ‘आज येळवस आहे’ म्हटलं तर तो विचारतो, ‘ते काय असतं?’ तसंच १७ सप्टेंबरचं. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला, आपण निजामाच्या राज्यातून सुटलो १७ सप्टेंबर १९४८ ला. म्हणून मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत त्या दिवशी ध्वजारोहण होतं, आणि सोलापूरची हद्द लागली की तो दिवस साधा होऊन जातो. पण बिदर-कलबुर्गीकडे गेलीस तर तिकडे पुन्हा तीच तारीख पाळतात, कारण तेही निजामाकडेच होते. सुट्टीच्या मागे इतिहास असतो आणि त्या इतिहासाला हद्द असते, हे तुला कुणी नव्याने शिकवायची गरज नाही.

आपल्याकडे सगळ्या देशाला सक्तीच्या राष्ट्रीय सुट्ट्या तीन: २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. बाकीच्या राज्य सरकार दरवर्षी १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याखाली जाहीर करतं. जर्मनीत तर केंद्राने ठरवलेली सुट्टी एकच आहे, ३ ऑक्टोबर. १९९० मध्ये पूर्व आणि पश्चिम जर्मनी एक झाले त्या एकीकरणाच्या करारातच ती लिहिलेली आहे. (बर्लिनची भिंत पडली ९ नोव्हेंबर १९८९ ला, मग तो दिवस का नाही, असं मला इथली मुलं विचारतात. ९ नोव्हेंबर हीच १९३८ मधल्या ज्यूंवरच्या हल्ल्यांचीही तारीख आहे. त्या दिवशी जल्लोष करणं त्यांच्या मनाला पटलं नाही.) बाकीच्या सगळ्या सुट्ट्या सोळा राज्यांनी आपापल्या कायद्यात घातल्या आहेत. त्यातल्या काही सोळाही राज्यांनी घेतल्या, म्हणून ‘नऊ समान’ हा आकडा निघतो: १ जानेवारी, गुड फ्रायडे, ईस्टरचा सोमवार, १ मे, येशूच्या स्वर्गारोहणाचा गुरुवार, पेंटेकॉस्टचा सोमवार, ३ ऑक्टोबर, २५ आणि २६ डिसेंबर.

तू जातेस त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये यात तीन दिवस वाढतात: ६ जानेवारी, जूनच्या आसपास येणारा ‘फ्रोनलाइखनाम’ या कॅथलिक सणाचा गुरुवार आणि १ नोव्हेंबरचा सर्व संतांचा दिवस. झाले बारा. हेच बारा बव्हेरिया राज्यातही आहेत, तिथला तेरावा १५ ऑगस्टचा. तो तरी बव्हेरियात सगळीकडे कुठे आहे? ज्या गावात कॅथलिक लोक प्रॉटेस्टंटांपेक्षा जास्त, तिथेच सुट्टी. शेजारच्या गावात उलट असलं तर तिथे काम चालू. आणि आउग्सबुर्ग या एका शहराला ८ ऑगस्टची स्वतःची आणखी एक सुट्टी आहे, वेशीबाहेर पाऊल टाकलं की संपली. बर्लिनवाल्यांना ८ मार्चचा महिला दिन मिळतो, २०१९ पासून. उत्तरेकडच्या अन् पूर्वेकडच्या प्रॉटेस्टंट राज्यांत ३१ ऑक्टोबर असते, तुमच्याकडे १ नोव्हेंबर. कोणत्या राज्यात कोणता पंथ जास्त, यावर बऱ्याच सुट्ट्या ठरल्या आहेत.

आता मानहाइम. हे शहर मी शिकवताना मुद्दाम घेते, कारण तिथे तीन राज्यांच्या हद्दी एकमेकींना खेटून आहेत. ऱ्हाइन नदीचा पूल ओलांडला की लुडविग्सहाफेन, ते ऱ्हाइनलँड-फाल्त्स राज्यात. उत्तरेला ट्रामने थोडं गेलं की फिर्नहाइम, ते हेसन राज्यात. ६ जानेवारीला मानहाइम बंद असतं आणि नदीपलीकडे लुडविग्सहाफेनमध्ये शाळेची सुट्टी सोडली तर दुकानं, कारखाने, सगळं चालू. १ नोव्हेंबरला मानहाइम आणि लुडविग्सहाफेन दोन्ही बंद, पण हेसनमध्ये त्या दिवशी सुट्टी नाही, म्हणून मानहाइमचे लोक फिर्नहाइमच्या मॉलमध्ये खरेदीला जातात.

इथे नियम एकच, तो डोक्यात पक्का बसव: सुट्टी धरायची ती कामाच्या ठिकाणाची, राहत्या घराची नाही. परभणीकडचा एक मुलगा मला ठाऊक आहे. खोली मानहाइममध्ये, काम नदीपलीकडच्या एका कारखान्यात. पहिल्याच वर्षी ६ जानेवारीला सकाळी उठला, खाली बेकरी बंद, रस्त्यावर शुकशुकाट, घरमालकही म्हणाला आज ‘फायरटाग’ आहे, सुट्टी आहे. हा निवांत झोपला. दहा वाजता फोरमनचा फोन आला. न सांगता गैरहजर म्हणून त्याला लेखी ताकीद मिळाली, ती त्याच्या फाइलला लागली. घरमालक खोटं बोलला नव्हता. त्याची सुट्टी होती, मुलाची नव्हती. उलट तू नदीपलीकडे खोली घेतलीस आणि मानहाइमच्या दवाखान्यात काम केलंस, तर ६ जानेवारी तुझ्या हक्काची, शेजारी कामाला गेले तरी.

तारखांचं म्हणशील, तर त्यांच्या अर्ध्या सुट्ट्या तारखेच्या आहेत आणि अर्ध्या तिथीच्या. हो, तिथीच्याच म्हणायच्या. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची आणि तिच्यानंतरचा रविवार तो ईस्टर. म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान कुठेही येतो, आणि बहुतेक वेळा आपल्या हनुमान जयंतीच्या आसपास. २०२६ मध्ये हनुमान जयंती २ एप्रिलला आणि त्यांचा गुड फ्रायडे ३ एप्रिलला. ईस्टर एकदा कळला की पुढचं सगळं मोजून निघतं: दोन दिवस आधी गुड फ्रायडे, दुसऱ्या दिवशी ईस्टरचा सोमवार, ३९ दिवसांनी स्वर्गारोहणाचा गुरुवार, ५० दिवसांनी पेंटेकॉस्टचा सोमवार, ६० दिवसांनी फ्रोनलाइखनाम. २०२६ ला ईस्टर ५ एप्रिलला, म्हणजे १४ मे, २५ मे आणि ४ जून. गेल्या वर्षीच्या कॅलेंडरवरून तारीख सांगू नकोस, इतकंच.

ईस्टरचे ते चार दिवस मात्र नीट समजून घे, कारण माझं पहिलं वर्ष तिथेच अडलं.

मी फेब्रुवारीत पोचले होते. गुरुवारी रात्रपाळी होती. शुक्रवारी सकाळी सातला सुटले, घरी जाताना दूध अन् भाजी घ्यायची म्हणून सुपरमार्केटकडे वळले. ढकलगाड्या साखळीने बांधलेल्या, आत अंधार, काचेवर एक कागद चिकटवलेला. त्यातला ‘कारफ्रायटाग’ हा शब्द मला येत नव्हता. गुड फ्रायडे. म्हटलं, ठीक आहे, उद्या घेऊ. शुक्रवारी रात्री पुन्हा ड्युटी, शनिवारी सकाळी येऊन आडवी झाले ती संध्याकाळी उठून तशीच तिसऱ्या रात्रपाळीला गेले. तो शनिवार हाच चार दिवसांतला दुकानं उघडी असण्याचा एकमेव दिवस होता, आणि तो मी झोपेत घालवला. रविवार बंद. सोमवार पुन्हा बंद. घरात उदगीरहून आणलेली तुरीची डाळ होती, मूठभर तांदूळ होते, हळद-तिखट होतं. कांदा नाही, तेल संपलेलं. सोमवारी दुपारपर्यंत मी नुसतं वरण पीत होते आणि आईला फोनवर ‘जेवले’ म्हणून सांगत होते. खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंनी दार वाजवलं. हातात वेणीसारखी गुंफलेली गोड पावाची लडी आणि रंगवलेली चार अंडी. त्यांना माझी अडचण ठाऊकही नव्हती, सणाचं म्हणून द्यायला आल्या होत्या. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की ही सुट्टी नुसती दुकानं बंद ठेवायची नसते, हा यांचा सण आहे. मी तोवर त्याच्याकडे अडचण म्हणूनच बघत होते.

तेव्हापासून माझ्याकडून शिकून जाणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते: बुधवारीच सामान भर. रविवार आणि सरकारी सुट्टी यांना तिकडे घटनेचंच संरक्षण आहे, दुकानदाराला वाटलं म्हणून शटर वर करता येत नाही. पेट्रोल पंपावर, विमानतळावर, मोठ्या रेल्वे स्टेशनांतल्या काही दुकानांत थोडंफार मिळतं, महाग मिळतं. बऱ्याच बेकऱ्या सकाळी काही तास उघडतात. औषधाचं दुकान पाळीने एखादं उघडं असतं, ‘नोटडीन्स्ट’ म्हणतात, बंद दुकानाच्या दारावर चालू दुकानाचा पत्ता लावलेला असतो. डॉक्टर हवा असेल आणि जिवावरचं नसेल तर ११६११७, जिवावरचं असेल तर ११२. हे दोन नंबर आजच मोबाइलमध्ये टाक.

२४ आणि ३१ डिसेंबर कायद्याने सुट्ट्या नाहीत, तरी २४ ला दुपारी दोनला दुकानं बंद होतात आणि शहर रिकामं होतं. सकाळी जा. कार्निव्हलचा सोमवार कोणत्याच यादीत नाही, पण कोलोन आणि माइन्त्समध्ये त्या दिवशी कचेरीत काम होईल ही आशा सोड. आपल्याकडे धुळवडीला सरकारी यादीच्या पलीकडे गाव ठरवतं तसंच.

रोजच्या राहणीतल्या दोन-तीन गोष्टी यात गुंतलेल्या असतात. ट्राम आणि बस सुट्टीला रविवारच्या वेळापत्रकावर धावतात, पहिली गाडी उशिरा निघते. तुझी सकाळची पाळी सहाला असेल तर आदल्या रात्री वेळ बघ, नाहीतर स्टॉपवर उभी राहशील आणि वॉर्डात रात्रीची नर्स घड्याळ बघत बसेल. सुट्टीच्या आठवड्यात कचऱ्याची गाडी बहुधा एक दिवस पुढे सरकते. सुट्टीच्या दिवशी काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या मोठ्या डब्यात टाकायच्या नाहीत, भिंतीला ड्रिल लावायचं नाही, शेजाऱ्यांना आवाज जाईल असं काही करायचं नाही. गुड फ्रायडेला तर मोठ्याने नाचगाण्याचे कार्यक्रम करायलाही मनाई असते. तो त्यांचा सुतकाचा दिवस. त्या दिवशी कुणाला ‘हॅपी गुड फ्रायडे’ म्हणू नकोस. पैशांचं बघ: गुड फ्रायडे, ईस्टरचा सोमवार, १ मे, १ जानेवारी आणि २५-२६ डिसेंबरला युरोपातली बँकांची साधी हस्तांतरणं पुढे सरकत नाहीत. घरी कर्जाचा हप्ता असेल तर दोन दिवस आधी पाठव, आणि आपल्याकडे दुसरा-चौथा शनिवार बँका बंद असतात तेही धर. पासपोर्टच्या कामाला भारतीय वकिलातीत जायचं तर २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर तिथे बंद. तिचं कॅलेंडर वेगळंच असतं.

आता कामाचं, कारण तू नर्स आहेस आणि दवाखान्याला सुट्टी नसते.

कायदा म्हणतो, रविवारी आणि सरकारी सुट्टीला कामच करायचं नाही. दवाखाने, वृद्धाश्रम वगैरे अपवाद. पण अपवादालाही अटी आहेत. रविवारी काम केलंस तर दोन आठवड्यांच्या आत बदली विश्रांतीचा दिवस मिळायला पाहिजे. आठवड्याच्या मधल्या सुट्टीला काम केलंस तर आठ आठवड्यांच्या आत. आणि दवाखान्याच्या सामूहिक करारात वेगळं ठरलेलं नसेल तर वर्षातले किमान पंधरा रविवार मोकळे मिळायलाच पाहिजेत. मी तक्ता लावायचे तेव्हा हे आठ आठवडे पेन्सिलीने बाजूला मोजत असे, कारण नवी मुलं कधीच मागत नाहीत. त्यांना वाटतं, मागितलं तर नाराज होतील. तिकडे कोणी नाराज होत नाही. मागितलं नाही तर तुला नको असेल असं समजतात.

जादा पैशाचं सांगते. सुट्टीच्या ड्युटीला वरकड टक्का मिळतो तो तुझ्या कराराने. कायद्याने सरसकट हक्क नाही. सरकारी आणि नगरपालिकांच्या दवाखान्यांना लागू असलेल्या मोठ्या करारात बदली रजा घेतली तर ३५ टक्के आणि बदली रजा नसेल तर १३५ टक्के, रविवारला २५ टक्के असा हिशोब आहे. तुझा दवाखाना त्या करारात आहे का, चर्चच्या संस्थेच्या करारात आहे का, की खासगी आहे, हे पहिल्या आठवड्यात विचार. ठरावीक मर्यादेपर्यंत या वरकड पैशावर आयकर लागत नाही: रविवारला मूळ पगाराच्या ५० टक्क्यांपर्यंत, सुट्टीला १२५, आणि २५-२६ डिसेंबर व १ मे ला १५० टक्क्यांपर्यंत. पगाराच्या चिठ्ठीवर हा आकडा वेगळ्या ओळीत येतो. एक खाच लक्षात ठेव: ईस्टरचा रविवार बहुतेक राज्यांत, तुमच्याही राज्यात, कायद्याने ‘सुट्टी’ नाही. तो रविवार आहे. सगळ्यांत मोठा सण, आणि करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर पैसे रविवारचेच. दरवर्षी कुणीतरी नवी मुलगी चिठ्ठी घेऊन माझ्याकडे यायची, ‘चूक झालीय’ म्हणून.

सुट्टी शनिवार-रविवारी आली तर तिकडे ती गेली. २०२६ मध्ये ३ ऑक्टोबर शनिवारी आणि १ नोव्हेंबर रविवारी. सोमवारी भरून मिळत नाही. इंग्लंडात गेलेल्या तुझ्या मैत्रिणीला मिळते, म्हणून भांडू नकोस. तुझ्या तक्त्यात सुट्टी तुझ्या मोकळ्या वाराला आली तर त्या महिन्याचे तास कमी धरतात की नाही, हे मात्र करारात बघ. त्यात वर्षाला बरेच तास अडकलेले असतात.

वार्षिक रजा वेगळी. पाच दिवसांच्या आठवड्याला कायद्याने किमान वीस दिवस, मोठ्या करारांत तीस. रजेच्या मध्ये सरकारी सुट्टी आली तर तो दिवस रजेतून कापत नाहीत. म्हणून सगळे लोक गुरुवारच्या सुट्टीला शुक्रवार जोडतात, त्या शुक्रवाराला ‘ब्र्युकेनटाग’, पुलाचा दिवस म्हणतात. तुझ्या परदेशी नागरिक कार्यालयाचं काम असेल तर त्या शुक्रवारी जाऊ नकोस, कुणी भेटणार नाही. आणि हे फार महत्त्वाचं: सुट्टीच्या लगेच आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी न सांगता गैरहजर राहिलीस तर त्या सुट्टीचाही पगार कापण्याचा कायदा आहे. आजारी असलीस तर पाळी सुरू व्हायच्या आधी फोन कर. तीन दिवसांपेक्षा जास्त आजारी असलीस तर डॉक्टरचा दाखला लागतो, आणि ते तीन दिवस कॅलेंडरचे मोजतात, सुट्टी-रविवार धरून. गुड फ्रायडेला ताप आला आणि सोमवारी उतरला नाही, तर चार दिवस झाले.

एका सुट्टीची गोष्ट तुला, नर्स म्हणून, ठाऊक असायलाच पाहिजे. नोव्हेंबरात एका बुधवारी प्रॉटेस्टंटांचा प्रायश्चित्त आणि प्रार्थनेचा दिवस येतो. पूर्वी जवळजवळ सगळीकडे सुट्टी होती. १९९५ मध्ये जर्मनीने म्हाताऱ्या-आजारी माणसांच्या देखभालीसाठी सक्तीचा विमा सुरू केला. त्याचा अर्धा हप्ता मालकांनी भरायचा, मग त्यांचं नुकसान भरून कसं काढायचं? लोकांनी एक सुट्टी सोडायची, एक दिवस जास्त काम करायचं. असा तो बुधवार गेला. एकट्या सॅक्सनी राज्याने सोडला नाही, म्हणून तिथल्या नोकरदारांना त्या विम्याचा हप्ता आजही बाकीच्यांपेक्षा जास्त भरावा लागतो. तुझ्या पगाराच्या चिठ्ठीवर ‘फ्लेगेफरझिशेरुंग’ नावाची कपात दिसेल, ती हीच. तू ज्या आजोबांना आंघोळ घालशील, त्यांच्या देखभालीचा काही पैसा त्या सोडलेल्या सुट्टीतून उभा राहिला आहे. मला हे कळलं तेव्हा त्या देशाबद्दलचा आदर वाढला.

आता दिवाळी आणि येळवस. मिळते, पण आपोआप नाही. ती तुझ्या वार्षिक रजेतून घ्यायची. वॉर्डात रजेचं नियोजन वर्षाच्या सुरुवातीलाच, काही ठिकाणी आदल्या शरद ऋतूत होतं. जर्मन मुलं तेव्हा जुलै-ऑगस्ट आणि नाताळ धरतात. आपल्या मुलींना दिवाळी ऑक्टोबरात आठवते, तोवर तक्ता भरलेला असतो. पहिल्या भेटीतच वॉर्डप्रमुखाला तारीख लिहून दे: २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. कारण सांगायला लाजू नकोस. ‘आमचा सगळ्यात मोठा सण, तुमच्या नाताळसारखा’ एवढं एक वाक्य पुरतं. आणि देण्याघेण्याची भाषा तिकडे चांगली चालते. मी दरवर्षी २४ आणि २५ डिसेंबरच्या पाळ्या आनंदाने घ्यायचे. ज्यांना घरी लहान लेकरं होती त्या सहकारी बायकांना ते फार मोलाचं वाटायचं. त्या बदल्यात दिवाळीचे तीन दिवस मला कधी मागावे लागले नाहीत, त्या स्वतःच तक्त्यात आधी माझं नाव लिहायच्या. नाताळची पाळी वॉर्डात हळवी असते, रुग्णांना घरची आठवण येते, संध्याकाळी कोणीतरी गाणं म्हणतं. एकदा तरी कर.

येळवस तर नाताळच्या मागेपुढेच येते, त्यामुळे त्या दिवशी रजा मिळणं अवघड. आम्ही चार घरं जवळच्या रविवारी करायचो. भज्जीत पावट्याऐवजी तिथल्या तुर्की दुकानातल्या सोलाण्याचे दाणे, तुरीच्या ओल्या शेंगांऐवजी गोठवलेले मटार, आंबिलीला तिकडचं ताक, ते मात्र अगदी छान लागतं. बाजरीचं पीठ भारतीय दुकानात मिळतं, पण उंडे वळताना ते हाताला चिकटतं, पाणी कमी घाल. शेत नव्हतं, म्हणून बाल्कनीतल्या कुंडीपुढे पाच पांडव म्हणून पाच खडे मांडायचो.

तुझ्याबरोबर आखाती देशांत किंवा इंग्लंडला निघालेल्या मुलींनीही विचारलंय, त्यांना थोडक्यात. सौदीत आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवार, संयुक्त अरब अमिरातीत २०२२ पासून शनिवार-रविवार आणि शुक्रवारी सरकारी कचेऱ्या अर्धा दिवस, पण शारजात शुक्रवार ते रविवार. ईदच्या तारखा चंद्रदर्शनावर, त्यामुळे विमानाचं तिकीट एक दिवस हात राखून काढायचं. ब्रिटनमध्ये इंग्लंड-वेल्सला आठ, स्कॉटलंडला नऊ, उत्तर आयर्लंडला दहा बँक हॉलिडे. तिकडची खरी मेख अशी की वर्षाच्या २८ दिवसांच्या किमान पगारी रजेतच ते आठ दिवस मोजले तरी चालतात. म्हणून करारात ‘बँक हॉलिडे धरून’ लिहिलंय की ‘सोडून’, तो एक शब्द बघायचा.

तुला पहिल्या आठवड्यात करायचं काम असं: राज्याच्या बारा सुट्ट्यांचं एक भिंतीवरचं कॅलेंडर घे, नदीपलीकडच्या आणि हेसनच्या वेगळ्या तारखा दुसऱ्या शाईने लिही, आणि त्यावर इथून नेलेल्या कालनिर्णयावरून आपले सण टाक. वॉर्डाचा पहिला डीन्स्टप्लान हातात आला की त्याचा फोटो मला पाठव. त्यात ‘एफ’ आणि ‘यू’ अशी अक्षरं असतील, त्यांचा अर्थ दर दवाखान्यात थोडा वेगळा असतो. पहिल्या महिन्याचा आपण दोघी मिळून वाचू.